साखरपुड्याच्या अंगठीची सोबतीण

खडवली, टिटवाळा, वासिंद या कसारा मार्गावरील गावांत राहणाऱ्या आपल्या व्यापारी कुटुंबांत लग्न ठरले, की मोठ्या खरेदीसाठी कल्याण, ठाणे किंवा थेट मुंबईचा झवेरी बाजार गाठला जातो. साड्या, हार, बांगड्या यांवर घरात आठवडेच्या आठवडे खल होतो. अंगठीचा निर्णय मात्र पेढीवर अर्ध्या तासात उरकतो. साखरपुड्याची अंगठी मुलाकडचे एका ठिकाणी घेतात, लग्नातील अंगठी काही महिन्यांनी दुसरीकडे घेतली जाते. पुढे दोन्ही एकाच बोटात घालायची वेळ येते तेव्हा ध्यानात येते की, एकीचा खडा दुसरीला जवळ येऊ देत नाही, एकीचा रंग पिवळा तर दुसरीचा पांढरा, आणि दोन्ही मिळून बोटाला आवळतात. बँकेत लॉकरचे काम पाहत असताना लग्नाच्या पहिल्याच वर्षात अंगठ्या आत ठेवायला येणाऱ्या सुना मी पुष्कळ पाहिल्या. ‘रोज घालता येत नाही’ हेच बहुतेकींचे कारण असे.

जी वस्तू आयुष्यभर हातात राहावी म्हणून घेतली, ती वर्षभरात पेटीत जावी, हा पैशाचाही अपव्यय आहे आणि भावनेचाही. थोडा विचार आधी केला, तर तो सहज टाळता येतो.

दोन अंगठ्यांची रीत

एक अंगठी लग्न ठरताना आणि दुसरी लग्नात, ही रीत मूळची पाश्चात्त्य. साखरपुड्याला हिराच हवा, ही समजूत तर त्याहूनही अलीकडची. १९४७ साली ‘डी बीअर्स’ या हिरे कंपनीने अमेरिकेत जाहिरातीचे जे प्रसिद्ध घोषवाक्य योजिले, त्याचा तिच्या प्रसारात मोठा वाटा आहे. आपल्याकडे सौभाग्याची खूण म्हणजे मंगळसूत्र आणि जोडवी. जैन विवाहविधीतही वाग्दान, पाणिग्रहण आणि सप्तपदी यांना जे स्थान आहे, ते अंगठीला नाही. याचा अर्थ अंगठी घेऊ नये असा नव्हे. दुसरी अंगठी ही सक्ती नसून निवड आहे, एवढे लक्षात ठेवले म्हणजे तिच्यावरून व्याह्यांमध्ये तोलामोल करण्याचे कारण उरत नाही.

मग दुसरी अंगठी कशासाठी घ्यावी? माझ्या मते तिचे खरे प्रयोजन रोजच्या वापराचे आहे. पहिली अंगठी समारंभाची. ती सण, लग्नकार्य, देवदर्शन अशा प्रसंगी शोभते. दुसरी स्वयंपाकघरात, दुकानाच्या गल्ल्यावर आणि लोकलच्या गर्दीत हातात राहणारी. म्हणून तिची कसोटी दुहेरी असावी: पहिलीशेजारी ती शोभली पाहिजे आणि पहिली नसताना एकटीही घालता आली पाहिजे.

जोड जुळते कशी?

पहिली गोष्ट खड्याच्या बैठकीची. साखरपुड्याच्या अंगठीतील खडा उंच बसवलेला असेल, तर सरळ वळे तिच्या खालून नीट सरकते. खडा मोठा आणि बैठक ठेंगणी असेल, तर सरळ वळे त्याला अडते आणि दोहोंत फट राहते. अशा वेळी खड्याच्या आकाराप्रमाणे किंचित वळण दिलेली अंगठी घडवून घेता येते. परंतु फार खोल वळण दिलेली अंगठी एकटी घातली, तर विचित्र दिसते. सौम्य वळण किंवा थोडी फट, यांतले काही पत्करणे अधिक शहाणपणाचे. खडा काट्यांत धरलेला असेल, तर ते ओढणीत अडकतात, कणीक त्यांत शिरते. रोजच्या अंगठीला खडा हवाच असेल, तर तो कोंदणात पूर्ण बसवलेला असावा.

दुसरी गोष्ट धातूची. २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के शुद्ध सोने असते, १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के. सोने जितके शुद्ध, तितके मऊ. खडे पक्के धरले जावेत म्हणून हिऱ्याची अंगठी बहुधा १८ कॅरेटची असते. तिच्याशेजारी २२ कॅरेटचे वळे रोज घातले, तर मऊ असलेले वळे झिजते. शेजारच्या अंगठीच्या कडेला हिरे असतील तर झीज अधिकच, कारण हिऱ्याहून कठीण रत्न नाही. म्हणून नेहमी एकत्र घालायच्या अंगठ्या शक्यतो एकाच कॅरेटच्या असाव्यात. पांढऱ्या सोन्यावर ऱ्होडियमचा मुलामा असतो. तो कालांतराने उतरतो आणि आतील पिवळट छटा दिसू लागते. प्लॅटिनमचे तसे होत नाही. दुकानात अगदी सारख्या दिसणाऱ्या या दोन अंगठ्या काही वर्षांनी वेगळ्या दिसू लागतात. पिवळे आणि पांढरे सोने मुद्दाम एकत्र घालणेही सुंदर दिसते; मात्र ती निवड जाणूनबुजून केलेली असावी.

तिसरी गोष्ट मापाची. बोट सकाळी आणि थंडीत बारीक, संध्याकाळी आणि उन्हाळ्यात किंचित जाड असते. वातानुकूलित दुकानात सकाळी घेतलेले माप वैशाखात दगा देते. दोन अंगठ्या मिळून रुंद पट्टी तयार होते आणि रुंद पट्टी अधिक आवळते. म्हणून पहिली बोटात ठेवूनच दुसरीचे माप घ्यावे. पूर्ण गोलाकार खडे बसवलेली अंगठी पुढे वाढवणे जवळपास अशक्य असते. बाळंतपणानंतर किंवा वयोमानाने बोट बदलते, हे ध्यानी घेऊन अंगठीचा निदान मागचा निम्मा भाग साधा ठेवावा.

खड्याचा विवेक

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य येते, म्हणजे हस्तिदंतासारख्या प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार. त्याच न्यायाने मोती आणि पोवळे यांचाही विचार प्रत्येक घराने करावा. मोती शिंपल्यातील जिवाच्या देहात घडतो. संवर्धित मोत्यासाठी त्या देहात छेद देऊन रोपण केले जाते. पोवळे हा समुद्री जीवांचाच सांगाडा. व्यवहाराच्या दृष्टीनेही हे दोन्ही मऊ असल्याने रोजच्या अंगठीत लवकर चरे पडतात. माणिक आणि नीलम कठीण असतात. पाचू तुलनेने ठिसूळ असतो.

प्रयोगशाळेत घडवलेला हिरा रासायनिकदृष्ट्या हिराच असतो आणि नुसत्या डोळ्यांनी तो ओळखता येत नाही. त्याची किंमत बरीच कमी असते, पुनर्विक्रीचे मोलही तसेच कमी. घ्यावा की न घ्यावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न. तो नैसर्गिक आहे की घडवलेला, हे प्रमाणपत्रावर आणि बिलावर स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे.

हिशेबाची बाजू

आपण व्यापारी माणसे. दुसऱ्याच्या बिलातील पैन्‌पै तपासतो आणि लग्नाच्या गडबडीत स्वतःचे बिल न वाचता घडी करून ठेवतो. हॉलमार्कच्या तीन खुणा असतात: भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर तो दुकानातच पडताळता येतो. येथे एक बारकावा आहे. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही आणि लग्नातील नाजूक वळे नेमके या सवलतीत बसू शकते. अशा वेळी हॉलमार्क असलेलेच वळे आग्रहाने मागावे.

बिलावर सोन्याचे निव्वळ वजन, कॅरेट, खड्यांचे वजन आणि घडणावळ स्वतंत्र लिहून घ्यावी. हिऱ्याचा एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. पाच कॅरेटचा खडा अंगठीच्या वजनात एक ग्रॅम भरतो, आणि तो सोन्याच्या भावाने मोजला गेला तर नुकसान आपले. सोने तारण घेताना बँकही खड्याचे वजन वजा करते. एक साधे गणित पाहा. १८ कॅरेटच्या तीन ग्रॅम अंगठीत शुद्ध सोने सव्वादोन ग्रॅम. २२ कॅरेटच्या अडीच ग्रॅम वळ्यात ते २.२९ ग्रॅम. दिसायला साधे असलेले वळे सोन्याच्या हिशेबात पुढे असू शकते.

बिल वधूच्या नावे असावे. जैनांनाही लागू असलेल्या १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ नुसार स्त्रीला लग्नापूर्वी, लग्नात वा नंतर मिळालेली भेट ही तिच्या पूर्ण मालकीची असते. कागद नीट असला, की पुढे कुणालाच अवघडल्यासारखे होत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. ‘समोरच्यांनी एवढी दिली, आपण कमी कशी द्यायची?’ या भिडेपोटी दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यातून पैसा काढणारे गृहस्थ मी जवळून पाहिले आहेत. ती मर्यादा माल भरण्यासाठी असते. पैसा दागिन्यात गेला, की मालाच्या साठ्यात तेवढीच खोट येते आणि व्याज मात्र सुरूच राहते. अंगठी सुनेच्या बोटात जाते आणि तिचा भार गल्ल्यावर बसतो.

मर्यादेचे सौंदर्य

पाचव्या अणुव्रतात परिग्रहाचे परिमाण सांगितले आहे आणि त्यात सोन्याचाही समावेश होतो. घरात आजीच्या तुटक्या कर्णफुलांची, सुट्या कड्यांची मोड पडून असते. ती वितळवून वधूवरांची दोन वळी घडवली, तर नवा परिग्रह वाढत नाही आणि आजीचा आशीर्वाद नव्या पिढीच्या हातावर येतो. चातुर्मासात लग्ने नसल्याने साखरपुडा आणि लग्न यांच्यामध्ये अनेकदा चार-सहा महिने मिळतात. मोड मोजणे, कस तपासणे, माप घेणे आणि घडवणे या साऱ्यांस एवढा अवधी पुरेसा आहे.

मात्र या सर्वांआधी जिच्या बोटात अंगठी जायची, तिला विचारावे. ती दुकानावर बसणार आहे की नोकरीसाठी रोज लोकलने जाणार आहे, तिला पिवळे सोने आवडते की पांढरे, दोन अंगठ्या हव्यात की एकच पुरे, हे तिच्याहून चांगले कोण सांगणार? ‘एकच पुरे’ असे ती म्हणाली, तर तो कमीपणा मानू नये. नव्या घरात येण्यापूर्वीच आपले मत विचारले गेले, ही जाणीव तिच्याजवळ कोणत्याही दागिन्याहून अधिक काळ राहील.