स्नायूंचे बळ आणि मराठवाड्याचा उन्हाळा

नांदेड जिल्ह्यातील मुदखेड हे रेल्वे जंक्शन केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या प्रशिक्षण केंद्रामुळेही ओळखले जाते. अशा केंद्रात दाखल होणाऱ्या तरुणाचे शरीर कवायतीने आणि धावण्याने कसे घडते, हे समजण्यासाठी हाडांना जोडलेल्या स्नायूंची रचना पाहावी लागते.

मानवी शरीरात असे सहाशेहून अधिक स्नायू असून प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग त्यांचाच असतो. दोरखंडात पेड आणि पेडात धागे असावेत, तसे स्नायूत तंतूंचे जुडगे व तंतूंत सूक्ष्मतंतू असतात. त्यांतही मायोसिनचे जाड आणि ॲक्टिनचे बारीक धागे आलटून पालटून बसविलेले आढळतात. स्नायू आकुंचन पावताना हे धागे स्वतः आखूड होत नाहीत, तर एकमेकांवरून सरकतात. अँड्र्यू हक्सले व रॉल्फ नीडरगेर्के आणि ह्यू हक्सले व जीन हॅन्सन या दोन जोड्यांनी १९५४ साली स्वतंत्रपणे हा सिद्धांत मांडला. (दोन्ही हक्सले एकमेकांचे नातलग नव्हते!)

मज्जातंतूचा संदेश पोहोचताच तंतूतील साठ्यामधून कॅल्शियम सुटते, ॲक्टिनवरील अडसर दूर होतो आणि मायोसिनची डोकी त्यास पकडून ओढतात. पकड सुटण्यासाठी एटीपी हे ऊर्जाद्रव्य लागते. मृत्यूनंतर ते संपते, म्हणूनच शरीर ताठरते.

मंद तंतू दीर्घकाळ टिकाव धरतात, जलद तंतू झटक्याचे बळ देतात पण लवकर थकतात. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे याने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळविले. अशा शर्यतीत मुख्य भिस्त मंद तंतूंवर असते. सरावाच्या पहिल्या काही आठवड्यांत वाढणारे बळ बहुतांशी मज्जासंस्थेच्या सुधारलेल्या नियंत्रणाचे असते. तंतू जाड होणे त्यामागून येते. त्यामुळे महिन्याभरात भरतीची तयारी उरकू पाहणारा उमेदवार शरीराकडून अशक्य ते मागत असतो.

स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा कामी येतो. बाकीची उष्णता होते. मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे गेल्यावर ती बाहेर टाकणे शरीरास जड जाते. सवय नसताना अतिश्रम केल्यास तंतू फुटतात, त्यांतील मायोग्लोबिन रक्तात उतरते व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. साधी अंगदुखी दोन-चार दिवसांत ओसरते. परंतु असह्य वेदना, कमालीचा अशक्तपणा किंवा कोऱ्या चहासारखी काळसर लघवी दिसताच श्रम थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उमेदवार असो, जवान असो वा ऊसतोड मजूर, हा धोका सर्वांना सारखाच आहे.