राजीनामा आणि इस्तीफा

आमच्या घरात दखनी बोलली जाते आणि मी कविता मराठीत लिहितो. त्यामुळं कधी कधी एकच शब्द मला दोन्ही बाजूंनी दिसतो. ‘राजीनामा’ हा शब्द घ्या. मराठीत राजीनामा दिला म्हणजे नोकरी सोडली. उर्दूत मात्र राजीनामा म्हणजे तडजोड, दोन्ही पक्ष राजी झाल्याचा कागद. नोकरी सोडण्याला उर्दूत ‘इस्तीफा’ म्हणतात. हा शब्द मूळचा अरबी, आपला ‘माफ’ ज्या धातूतून आला त्याच धातूतला. मला यातून माफ करा, मोकळं करा, अशी ती विनंती आहे. आज मला बोलायचं आहे ते या विनंतीविषयी. मन इतकं थकलेलं असतं की नोटिशीचे दिवस काढणंसुद्धा माणसाला झेपत नाही. अशा माणसानं काय करावं?

आपल्या बीड जिल्ह्यात पगाराची नोकरी म्हणजे बहुधा शाळा, पतसंस्था, दवाखाना किंवा दुकान. माझ्या ओळखीचा एक तरुण खासगी शाळेत शिकवत होता. रात्रभर झोप नाही, सकाळी शाळेचं फाटक दिसलं की छातीत धडधड, वर्गात हातातला खडू थरथरायचा. एका सोमवारी तो शाळेत गेलाच नाही. घरच्यांनी याला आळस म्हटलं, संस्थेनं बेशिस्त. त्याची मूळ प्रमाणपत्रं संस्थेच्या कपाटात होती आणि ‘आधी तीन महिन्यांचं बोला’ असा निरोप आला.

हे तीन महिने आले कुठून? महाराष्ट्रातल्या खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आहे आणि त्याखाली १९८१ ची नियमावली. कायम शिक्षकानं तीन महिन्यांची नोटीस द्यावी, कायम नसलेल्यानं एका महिन्याची, असं ती सांगते. पण पुढं असंही सांगते की तेवढ्या मुदतीचं वेतन, तेही भत्ते वगळून, भरून घेऊन व्यवस्थापन शिक्षकाला आधी मोकळं करू शकतं. सुटीचे दिवस नोटिशीत धरता येत नाहीत, हेही लक्षात ठेवावं. राजीनामा दोन प्रतींत लिहावा, दोन्हींवर सही आणि तारीख घालावी, एक प्रत नोंदणीकृत टपालानं पाठवावी, दुसरी आपल्याजवळ ठेवावी, असं खुद्द कायद्यात आहे. रजिस्टर टपाल २०२५ च्या सप्टेंबरात स्पीड पोस्टात विलीन झालं, पण मुद्दा पावतीचा आहे. ती जपून ठेवावी.

म्हणजे नोटीस हा शेवटी दिवसांचा आणि पैशाचा हिशेब आहे. सैन्यासारख्या सेवांची गोष्ट वेगळी. पण एरवी खासगी नोकरी सोडून गेलेल्या माणसाला ‘जा, पुन्हा कामावर उभा राहा’ असा हुकूम आपली न्यायालयं देत नाहीत. मालक करारानुसार वाजवी भरपाई मागू शकतो. जिथं नवी वेतन संहिता लागू आहे तिथं राजीनामा दिलेल्याचा पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा असतो. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. आपल्याकडं मात्र नोटिशीचा उच्चार जामिनाच्या अटीसारखा केला जातो आणि आधीच खचलेला माणूस त्यानं आणखी घाबरतो.

राजीनाम्यात कारण काय लिहितात? ‘वैयक्तिक’ किंवा ‘कौटुंबिक’. पाय मोडला तर आपण प्लास्टर दाखवतो, मन मोडलं तर घराण्याचं नाव झाकतो. माझं मत असं की राजीनाम्याच्या आधी डॉक्टर गाठावा. खोल उदासीत माणसाला सगळी दारं बंद दिसतात, अशा वेळी कायमचा निर्णय घेण्याआधी वैद्यकीय रजा मागून पाहावी. रजा संपेपर्यंत झोप परत आली, तर निर्णय वेगळाही होऊ शकतो; आणि सोडायचंच ठरलं तर लवकर मोकळं करा, ही विनंती करायला डॉक्टरांचा कागद हाती असतो. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथं मनाच्या आजारांवर उपचार होतात. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ च्या मे महिन्यापासून लागू आहे. त्यानं सरकारी खर्चानं चालणाऱ्या सेवेतून असे उपचार मिळण्याचा हक्क दिला, आणि काही अपवाद सोडले तर रुग्णाची माहिती त्याच्या संमतीशिवाय बाहेर न देण्याचं बंधनही घातलं.

आता ऊसतोडीकडं वळतो. कारण आपल्या जिल्ह्यातली सगळ्यात मोठी नोकरी तीच, आणि तिला राजीनामा नाही. दिवाळीच्या सुमारास ट्रक भरून माणसं कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडं, कर्नाटकाकडं निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात आधीच संपलेली असते. फडावर पहाटेपासून मोळ्या बांधताना बाईचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही, रडू आवरेना, तर तिनं कुणाला नोटीस द्यायची? ती निघून आली की मराठीत एकच क्रियापद वापरलं जातं : पळाली. मग मुकादम गावी येतो. त्याच्याही डोक्यावर वरच्याचा पैसा असतो, हे खरं आहे.

इथं १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा आठवावा. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी, असं नाही. दिलेली उचल सनदशीर मार्गानं परत मागणं हाही गुन्हा नाही. पण उचलीच्या बदल्यात माणसाची काम सोडण्याची किंवा दुसरीकडं जाण्याची मोकळीक काढून घेतली, तर तो कायदा लागू होतो. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि वेठबिगारीचं ठरलेलं कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते. दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयानं आणखी पुढचं पाऊल टाकलं : भूक आणि गरिबी यांच्यामुळं दुसरा मार्गच उरला नाही, तर तीही जबरदस्तीच. कुणाला फडावर डांबून ठेवलं असेल, तर पोलिसांकडं आणि त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडं तक्रार करता येते. गावी राहिलेल्या नातेवाइकांनी केली तरी चालते.

आणि जीव नकोसा वाटत असेल तर त्याच क्षणी १४४१६ हा टेलिमानसचा नंबर फिरवावा. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ही सरकारी सेवा फुकट आहे, रात्रंदिवस चालते, मराठीत बोलता येतं. फडावरच्या कोपीत एका तरी मोबाईलमध्ये तो आधीच भरून ठेवलेला असावा. मुकादमाच्या मोबाईलमध्येही.