मुलं जन्मणंच थांबलं तर?

परवा भाची म्हणाली, "मामा, जग बुडाल्यानंतरचा एखादा सिनेमा सांग ना, पण झाँबी नकोत!"

मी सांगितला अल्फोन्सो क्वारोनचा 'चिल्ड्रन ऑफ मेन' (२००६).

साल २०२७, ब्रिटन. जगात १८ वर्षांत एकही मूल जन्मलेलं नाही. अशात एक निर्वासित तरुणी गरोदर असते.

👍 जमलेलं: इमॅन्युएल लुबेझ्कीचं छायाचित्रण. लांबलचक, कट न जाणवणारे शॉट. गाडीवर हल्ला होतो तेव्हा कॅमेरा प्रवाशांसोबत आतच अडकलेला असतो. काही शॉटचे तुकडे तर संगणकावर बेमालूम जोडलेत.

शिवाय इथलं भविष्य चकाचक नाही. रस्त्यावर कचरा, पिंजऱ्यांत निर्वासित. निम्मी गोष्ट मागच्या भिंती आणि टीव्हीवरच्या बातम्याच सांगतात.

👎 फसलेलं: वंध्यत्वाचं कारण कळत नाही. ते मला चालतं. पण त्या तरुणीला स्वतःचं मत फारसं नाहीच, इतरच तिला इकडून तिकडे नेतात. कथेत बंडखोरही आहेत, पण त्यांचं राजकारण घाईत उरकलंय.

जाता जाता: पी. डी. जेम्स यांच्या १९९२च्या मूळ कादंबरीत पुरुष वंध्य आहेत, सिनेमात स्त्रिया.

पाहिला असेल तर सांगा, शेवट आशेचा वाटला की नाही?