दूध-साय नको, डाळच पुरते: मसूर-भाजीच्या सुपाबद्दलचे गैरसमज

भाचीने दूध, दही, तूप सगळं सोडल्याचं सांगितलं, तेव्हा घरातला पहिला प्रश्न होता, "मग ही जेवणार काय?" दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी मसुरीची डाळ आणि भाज्यांचं सूप करायला घेतलं. ओट्यापाशी जो येई तो काहीतरी सुचवून जाई. थोडी साय घाल, मीठ आत्ताच नको, कॉर्नफ्लॉवर लाव, एवढ्याने पोरीचं पोट भरायचं नाही! सगळं मायेपोटीच होतं, पण त्यातलं बरंचसं चुकीच्या समजुतींवर उभं होतं. वीगन म्हणजे प्राणिजन्य काहीही न घेणारा आहार. त्यात पोटभरीचं सूप करायचं तर आधी या समजुती दूर करायला हव्यात.

गैरसमज: सूप परदेशी, आपल्या जेवणात ते बसत नाही.

वस्तुस्थिती: संस्कृतात 'सूप' म्हणजे शिजवलेली डाळ आणि 'सूपकार' म्हणजे आचारी. रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या 1875 सालच्या मराठी पाकपुस्तकाचं नावच 'सूपशास्त्र' आहे. इंग्रजीतला 'सूप' वेगळ्या मुळाचा, पण पदार्थ आपल्या ओळखीचा आहे. आयुर्वेदातलं मुगाचं यूष, आजारातून उठलेल्याला देतात ते मुगाचं कढण, पुरणपोळीच्या दिवशीची कटाची आमटी ही सगळी डाळीची सुपंच. इंग्रजांच्या टेबलावरचं प्रसिद्ध 'मलिगटॉनी'सुद्धा तमिळ 'मिळगु तण्णीर', म्हणजे मिरीचं पाणी, यावरून आलं. तेव्हा मसुरीचं सूप भाकरीबरोबर खाताना बिचकायचं कारण नाही.

गैरसमज: साय, लोणी किंवा कॉर्नफ्लॉवर घातल्याशिवाय सूप दाट होत नाही.

वस्तुस्थिती: सालं काढलेली केशरी मसूर डाळ न भिजवता, उघड्या पातेल्यात वीसेक मिनिटांत विरघळल्यासारखी शिजते. तिच्यातला स्टार्च पाण्यात उतरतो आणि सूप आपोआप दाट होतं. आणखी मऊपणा हवा असेल तर लाल भोपळ्याच्या चार फोडी डाळीबरोबर शिजवा आणि निम्मं सूप रवीने घोटून परत पातेल्यात ओता. उरलेल्या निम्म्यात भाज्यांचे तुकडे तसेच राहू द्या. चावायला काही असलं की सूप पिण्याचं न राहता जेवणाचं होतं. बाजारच्या स्टॉकच्या वड्यांचीही गरज नाही. कांदा चांगला तांबूस परतला, लसूण खमंग झाला आणि त्यावर डाळ शिजली की तिचं पाणी हाच स्टॉक.

गैरसमज: मीठ आधी घातलं तर डाळ शिजत नाही.

वस्तुस्थिती: डाळ अडते ती आंबटामुळे आणि जड पाण्यामुळे. दाण्याच्या पेशी पेक्टिन नावाच्या पदार्थाने एकमेकींना चिकटलेल्या असतात. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे पेक्टिन घट्ट धरून ठेवतात, आणि टोमॅटो, चिंच, कोकम यांच्या आंबटपणातही ते सहज सैल होत नाही. मिठातलं सोडियम मात्र उलट मदतच करतं. आमटीत चिंच-गूळ डाळ शिजल्यावर घालायची आपली जुनी रीत यामुळेच बरोबर ठरते. सुपातही तेच पाळावं. मीठ सुरुवातीला चालेल, टोमॅटो डाळ मऊ झाल्यावर. लवकर शिजावी म्हणून खायचा सोडा मात्र टाकू नये, त्याने बी-1 जीवनसत्त्व नष्ट होतं.

गैरसमज: डाळीवर येणारा फेस विषारी असतो.

वस्तुस्थिती: तो डाळीतल्या प्रथिनांचा आणि सॅपोनिन या घटकाचा फेस आहे. सूप नितळ दिसावं म्हणून काढायचा तर काढा, राहिला तरी अपाय नाही. काळजी घ्यायची ती कुकरची. फेसाने शिट्टीची वाट तुंबू नये म्हणून डाळीचा कुकर निम्म्याहून जास्त भरू नये.

गैरसमज: कुकरमध्ये सगळी जीवनसत्त्वं जळून जातात.

वस्तुस्थिती: कुकरमध्ये तापमान साधारण 120 अंश सेल्सिअसपर्यंत चढतं हे खरं, पण वेळही तितकाच कमी लागतो. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं भाजी उकडून पाणी ओतून दिल्यावर जातात. सुपाचं पाणी तर आपण पितोच. उष्णतेने सर्वात जास्त घटतं ते क जीवनसत्त्व, मग शिजवा कुकरमध्ये की पातेल्यात. म्हणून लिंबू गॅस बंद केल्यावर पिळावं. त्याचा आणखी एक उपयोग म्हणजे डाळीतलं लोह शरीराला नीट शोषता येतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर मात्र त्यातल्या टॅनिनमुळे हे शोषण कमी होतं.

गैरसमज: एवढ्याने पोट भरत नाही, प्रथिनंही मिळत नाहीत.

वस्तुस्थिती: 100 ग्रॅम कोरड्या मसूर डाळीत सुमारे 24 ग्रॅम प्रथिनं असतात. चौघांसाठी 200 ग्रॅम डाळ घेतली तर प्रत्येकाला सुमारे 12 ग्रॅम मिळतात. प्रौढाची दिवसाची गरज किलोमागे साधारण 0.83 ग्रॅम धरतात, म्हणजे 55 किलो वजनाच्या बाईची चौथ्या हिश्शाहून जास्त गरज एका वाडग्यात भागते. डाळीत लायसिन भरपूर आणि मेथिओनिन कमी, धान्यात नेमकं उलट. त्यामुळे ज्वारीची भाकरी किंवा भात यांची डाळीशी जोडी जमते. दोन्ही एकाच ताटात हवं असंही नाही, दिवसभरात पोटात गेलं की झालं. शिवाय डाळ-भाज्यांतला चोथा भूक बराच वेळ लांबवतो.

गैरसमज: सूप पौष्टिक हवं तर तेलाचा थेंबही नको.

वस्तुस्थिती: गाजर, लाल भोपळा, पालक यांतलं बीटा-कॅरोटीन स्निग्ध पदार्थाच्या सोबतीनेच नीट शोषलं जातं. चौघांच्या सुपाला दोन चमचे शेंगदाण्याचं तेल जास्त नाही. तूप सोडलेल्यांनी फोडणीही सोडायची गरज नाही.

गैरसमज: पाकिटावर हिरवा ठिपका आहे, म्हणजे ते वीगन.

वस्तुस्थिती: हिरवा ठिपका शाकाहार सांगतो, आणि त्यात दूध, लोणी, मध हे सगळं येतं. तयार सूप-पावडरीत दुधाची भुकटी असू शकते. वीगन खाद्यपदार्थांसाठी देशात 2022 साली वेगळे नियम झाले आणि वेगळं चिन्हही ठरलं. तरी घटकांची यादी वाचण्याची सवय सर्वात चांगली.

गैरसमज: डाळ-भाज्या रोज खाल्ल्या की आणखी काही लागत नाही.

वस्तुस्थिती: या एका गोष्टीवर मी भाचीशी नीट बसून बोलले. बी-12 हे जीवनसत्त्व डाळीत नाही, भाजीतही नाही. ते जिवाणू तयार करतात आणि शाकाहाऱ्यांना मुख्यतः दूध-दह्यातून मिळतं. दूध सोडलं की ती वाट बंद होते. त्याच्या कमतरतेने रक्त आणि मज्जातंतू दोन्हींवर परिणाम होतो. म्हणून वीगन माणसाने बी-12 मिसळलेले पदार्थ किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेणं आवश्यक आहे. कितीही चांगलं सूप तिची जागा घेऊ शकत नाही.

चौघांसाठी कृती

दोन चमचे तेलात जिरं, चिमूटभर हिंग, पाच-सहा लसूण पाकळ्या आणि एक मोठा कांदा तांबूस परतावा. हळद, आल्याचा किस, मग गाजर, फरसबी आणि भोपळ्याचे तुकडे घालावेत. धुतलेली 200 ग्रॅम मसूर डाळ, दीड लिटर पाणी आणि मीठ घालून वीस मिनिटं मंद उकळू द्यावं. डाळ फुटली की दोन चिरलेले टोमॅटो घालून आठ-दहा मिनिटं ठेवावं. निम्मं घोटून परत मिसळावं. शेवटी मूठभर पालक दोन मिनिटं, मिरपूड, आणि गॅस बंद केल्यावर लिंबू. मसुरीऐवजी राजमा घ्यायचा तर तो रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, खळखळत्या उकळीत पूर्ण शिजवावाच लागतो. कच्च्या राजम्यातल्या लेक्टिनने पोट बिघडतं.

भाची आता शिकायला परगावी गेली आहे, खोलीवर स्वतः रांधते. जाताना मी तिच्या डब्याच्या झाकणावर दोनच ओळी चिकटवून दिल्या. आंबट शेवटी घाल. आणि गोळी विसरू नकोस.