पाऊण परार्ध

खसखशीचे तीन दाणे तळहातावर घ्या. वजन भरेल साधारण एक मिलिग्रॅम. समजा, लाल विंचवाच्या एका डंखातून एवढंच विष अंगात गेलं. या विषातले मज्जातंतूंना धरणारे रेणू साधारण सात हजार डाल्टन वजनाचे असतात. त्या हिशेबाने एका मिलिग्रॅममध्ये रेणू किती, हे सांगायला लाख आणि कोटी पुरत नाहीत. आपल्या जुन्या मोजणीत अब्ज, खर्व, निखर्व यांच्याही पुढे जात जात शेवटी परार्ध येतो. एकावर सतरा शून्यं. खसखशीच्या तीन दाण्यांएवढ्या विषात पाऊण परार्धाहून जास्त रेणू मावतात. माणसाच्या शरीरातल्या पेशी धरा सुमारे ३७ लाख कोटी. सारखी वाटणी केली, तर एकेका पेशीच्या वाट्याला दोन हजारांहून जास्त रेणू येतात.

पण विष सारखी वाटणी करत नाही. ते मज्जातंतूंवरचे सोडियमचे दरवाजे गाठतं. असा एक दरवाजा उघडला की सेकंदाला सुमारे एक कोटी आयन आत घुसतात. म्हणून शरीर तो सेकंदाच्या हजाराव्या भागातच मिटतं. विंचवाचा रेणू तो मिटू देत नाही. मग मज्जातंतू थांबायचं नाव घेत नाहीत, ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिनचा लोट उसळतो, रक्तवाहिन्या आवळतात. आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी साठतं. शेवटी तोंडाला गुलाबी फेस येतो.

आमच्या सावनेरचं नाव मराठी वाचकाला ठाऊक आहे ते गडकऱ्यांमुळे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी इथेच गेले, वय अवघं तेहतीस. आम्हा तालुक्यातल्या माणसांच्या रोजच्या बोलण्यात संत्रा असतो, कापूस असतो, कोळशाची खाण असते. आणि मृग लागला, शेतीची कामं सुरू झाली, की आणखी एक शब्द कानावर येऊ लागतो. अमक्याला ‘पान लागलं’. साप चावला असं सहसा कोणी म्हणत नाही. नाव घेतलं की जनावर ऐकतं, अशी समजूत. घोणशीला आमच्याकडे परड म्हणतात. विंचू मात्र नावानेच ओळखला जातो. तो गोवऱ्यांत असतो, कौलांत असतो, कधी पहाटे पायात घालायच्या चपलेत.

विंचूदंशाच्या बाबतीत महाराष्ट्रात ज्या माणसाचं नाव आधी घ्यावं लागतं, त्याचं वैद्यकीय शिक्षण आमच्या नागपुरातच झालं. डॉ. हिम्मतराव बावस्कर. जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचा, १९५१ सालचा जन्म. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस होऊन ते १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीला प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हाचा कुलाबा जिल्हा. विंचू चावलेली माणसं, त्यातही लहान पोरं, तिथे दगावत होती. त्या काळात पश्चिम भारतात विंचूदंशाने गंभीर होऊन फुप्फुसात पाणी झालेल्या रुग्णांपैकी शंभरातले पंचवीस-तीस जात.

बावस्करांजवळ प्रयोगशाळा नव्हती. होती ती खाट, रक्तदाब मोजायचं यंत्र आणि खाटेशेजारी रात्र काढायची तयारी. त्यांनी टिपून काय ठेवलं, तर पोर ओकतंय, घामाने निथळतंय आणि हातपाय गार पडलेत. ज्या पोरांत ही लक्षणं दिसत, त्यांच्याच हृदयावर पुढे काही तासांत संकट येई. १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेला त्यांचा निबंध याच पूर्वसूचनांवर आहे. मला हे फार मोठं वाटतं. पाऊण परार्ध रेणू काय करताहेत, हे पोराच्या तळपायाला हात लावून कळू शकतं, आणि तो हात लावायला वीजही लागत नाही.

मग औषध. प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. विषाने जी नळी आवळली, तीच ती सैल करते. डॉ. हिम्मतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी तिच्या वापराबद्दल १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. मात्रा शरीराच्या दर किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. वीस किलोच्या पोराला एका वेळी ०.६ मिलिग्रॅम, म्हणजे खसखशीचे दोन दाणे. हा हिशेब मांडताना मी स्वतःच थबकलो. प्राझोसिनचा रेणू विषाच्या रेणूच्या मानाने अगदी चिमुकला, ३८३ डाल्टनचा. त्यामुळे खसखशीच्या त्या दोन दाण्यांत नऊ परार्धांहून जास्त रेणू बसतात. विषाच्या एकेका रेणूमागे औषधाचे दहा-अकरा. प्राझोसिन सर्रास वापरात आल्यावर मृत्यू शंभरात एकाच्याही खाली आले.

बावस्कर तिथे थांबले नाहीत. प्रतिविषाची जोड दिली तर काय होतं, हे त्यांनी महाडलाच ७० रुग्णांवर तपासलं. पस्तिसांना नुसतं प्राझोसिन, पस्तिसांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत बरे झाले ते पहिल्या गटात शेकडा २३, दुसऱ्यात ९१. २०११ साली ‘बीएमजे’ने हे छापलं. तालुक्याच्या गावातल्या या कामाचे आकडे आज जगभरच्या विंचूदंशाच्या उपचारांत आधाराला घेतले जातात. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता साप. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. २०११ च्या जनगणनेतल्या नागपूर शहराचा निम्मा भाग रिकामा झाला, असं समजा. वर्षाला सरासरी ५८,०००. दर नऊ मिनिटांना एक. यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमध्ये होतात, म्हणजे पावसाळ्यात दर सहा मिनिटांना एक. सरासरी भारतीयाला सत्तरी गाठण्याआधी सर्पदंशाने मरण येण्याची शक्यता अडीचशेत एक. म्हणजे हजार वस्तीच्या गावातली चार माणसं. देशभराची सरासरी आहे ही, शहरंही धरून. शेतात वाकून काम करणाऱ्यांच्या गावाला ती कमीच पडेल. आधीच्या एका अभ्यासात दिसलं होतं की सर्पदंशाच्या मृत्यूंपैकी जेमतेम २३ टक्के दवाखान्यात होतात. बाकीचे घरी, वाटेत, नाहीतर मांत्रिकाच्या ओट्यावर.

एक घोणस चावताना सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते. वजनाने तांदळाचे तीन दाणे. आपल्याकडचं प्रतिविष घोड्याच्या रक्तातून काढतात. ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. त्याचा एक मिलिलिटर घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतो. तीन तांदळांसाठी मग १०५ मिलिलिटर लागले. एक कुपी दहा मिलिलिटरची. पहिल्या फेरीलाच आठ-दहा कुप्या द्यायच्या, हे उपचाराच्या नियमात आहे ते या गणितामुळे. मैदानी भागात एक प्राथमिक आरोग्य केंद्र ३० हजार लोकांसाठी धरलेलं असतं, आणि त्यात खाटा सहा. पावसाळ्यातल्या एका रात्री दोन माणसांना परड चावली, तर वीस कुप्या लागल्या.

याच विषाने माणसं वाचलीही आहेत. १९३४ साली इंग्लंडमध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी घोणशीचं विष दहा हजारपट पातळ करून हिमोफिलियाच्या रुग्णाच्या जखमेवर लावलं आणि वाहणारं रक्त थांबवलं. रक्त गोठण्याच्या एका तपासणीत हे विष आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात. फुरशाच्या विषातल्या ४९ अमिनो आम्लांच्या एका प्रथिनावरून हृदयविकारात द्यायचं टिरोफिबान तयार झालं. आणि आपला लाल विंचू? त्याच्या विषातून १९९० साली आयबेरिओटॉक्सिन वेगळं केलं गेलं, फक्त ३७ अमिनो आम्लांचं. इन्सुलिनमध्येही ५१ असतात. पोटॅशियमचा एक विशिष्ट दरवाजा ते इतका नेमका बंद करतं, की त्या दरवाजाचा अभ्यास करणारे संशोधक हत्यारासारखं ते हाताशी ठेवतात. गोवऱ्यांत लपणारा जीव, आणि त्याच्या नांगीतला रेणू जगाच्या प्रयोगशाळांत.

आरोग्य केंद्रातली सगळ्यात स्वस्त तपासणी शेवटी सांगतो, कारण ती डोळ्यांनी पाहण्यासारखी आहे. परड चावल्याचा संशय असलेला माणूस येतो. त्याच्या शिरेतून दोन मिलिलिटर रक्त घेऊन काचेच्या कोऱ्या, कोरड्या परीक्षानळीत घालतात. नळी काचेचीच हवी. प्लॅस्टिकच्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही वेळेवर गोठत नाही. साबणाने धुतलेलीही चालत नाही. नळी स्टँडमध्ये उभी करायची आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. नातेवाईक दारात उभे असतात, कोणीतरी विचारतं, नागपूरला न्यायचं का? परिचारिका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते. वीस मिनिटं झाली की नळी एकदाच हळूच तिरपी करायची. गाठ धरली असेल तर ती जागची हलत नाही. विषाने रक्ताची गोठण्याची शक्तीच संपवली असेल, तर ते पाण्यासारखं काचेवरून घरंगळतं, आणि मग फ्रिजमधल्या कुप्या मोजायला सुरुवात होते. देशाच्या सरासरीने, ती नळी उभी होती तेवढ्या वेळात दोन माणसं गेलेली असतात.