अमेरिकेचे वार्तापत्र : किंमत गावाच्या नावाला

मुंबई बँकेसारख्या इलाखा बँकांचा नोटा काढण्याचा अधिकार १८६१च्या कायद्याने संपला आणि आपल्याकडे ते काम सरकारने हाती घेतले. दोनच वर्षांनी, यादवी युद्धाच्या खर्चाने बेजार झालेल्या अमेरिकेने उलटा रस्ता धरला. बँकेने सरकारी रोखे वॉशिंग्टनला तारण ठेवायचे आणि त्या आधारावर आपल्या नावाच्या छापील नोटा घ्यायच्या, अशी ही पद्धत १९३५पर्यंत चालली. बारा हजारांवर बँकांनी अशा ‘नॅशनल बँक नोटा’ काढल्या. आज त्या जमवणाऱ्यांचा मोठा वर्ग इथे आहे, आणि किमतीबाबत नवख्यांची हमखास फसगत होते. नोट जितकी जुनी तितकी महाग, हा त्यांचा समज. माझ्या मते किंमत वयाला नसते, गावाला असते.

१९०२च्या मालिकेतली दहा डॉलरची नोट पाहा. डावीकडे राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली, मधोमध बँकेचे व गावाचे नाव, ठळक अंकांत सनद क्रमांक, खाली कॅशियर आणि अध्यक्षांच्या सह्या. चित्र सगळीकडे तेच. बदलते ते नाव. न्यूयॉर्क-शिकागोच्या बड्या बँकांच्या नोटा बाजारात सहज मिळतात. अलास्काची किंवा १९१२मध्ये राज्य होण्यापूर्वीच्या अ‍ॅरिझोनाची नोट मात्र भल्याभल्या संग्राहकांना दुर्लभ. शिवाय आपल्या गावाची नोट हवी असणारे स्थानिक लोक बोली चढवतात ते वेगळेच.

यावर कोणी म्हणेल, मग नोटेच्या अवस्थेला काहीच मोल नाही का? आहे. घडी, फाटका कोपरा, पुसट सही यांनी भाव उतरतो. पुसट सही कोणी नव्या शाईने गिरवली असेल तर आणखीच. पण एखाद्या बँकेच्या दोन-तीनच नोटा ठाऊक असतील, तर मळकी नोटही हातोहात जाते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : उद्या कोणाच्या तिजोरीत त्याच बँकेचे पुडके सापडले तर? तर भाव कोसळतो. म्हणूनच ‘दुर्मीळ’ हा शब्द विक्रेत्याच्या तोंडून घेऊ नये. कोणत्या बँकेच्या किती नोटा चलनात होत्या, हे सरकारी अहवालांत नोंदलेले आहे. आजवर उजेडात आलेल्या नोटांची मोजदादही संग्राहकांनी ठेवली आहे. दोन्ही ताडून मगच पैसे मोजावेत. कायद्याने ही नोट आजही चलनात आहे, पण छापील रकमेपुरतीच. त्यावरचा प्रत्येक डॉलर तुमच्या अभ्यासावर लावलेला असतो.