लग्नाच्या डीव्हीडी पेनड्राइव्हवर: मशीन काय करतं आणि पैसे कशाचे मिळतात

व्हिडिओत वेळेअभावी राहिलेला हिशोब इथे लिहितोय.

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला झालं. त्याआधी पनवेल तालुक्यातली दहा गावं तिथून उठली. चिंचपाडा, कोपर, कोल्ही, तरघर ही त्यातलीच. तिथल्या एखाद्या घरात २००८च्या हळदीची डीव्हीडी असेल, तर त्यात जुनं अंगण आहे, ओटा आहे, मांडव आहे. जागेवर आता यातलं काही नाही. आणि डिस्क लावायला घरात प्लेअरही नाही, नवीन लॅपटॉपला तर ड्राइव्हच येत नाही. म्हणजे गरज खरी आहे.

आता काम कसं चालतं ते बघू. लिनक्सवर चालणारं 'ऑटोमॅटिक रिपिंग मशीन' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. डिस्क घातली की ते ओळखतं, मेकएमकेव्हीने कॉपी काढतं, हँडब्रेकने फाइल लहान करतं आणि ट्रे बाहेर ढकलतं. तुम्ही पुढची डिस्क ठेवायची, बस्स. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं. ड्राइव्हने ४एक्स वेगाने वाचलं तर कॉपीला साधारण १४ मिनिटं लागतात. दोन ड्राइव्ह लावले तर तासाला आठ डिस्क.

पण हे सॉफ्टवेअर सिनेमाच्या डिस्क डोळ्यांसमोर ठेवून बनवलंय, लग्नाच्या नाही. गोची इथेच होते. सिनेमाच्या डिस्कला स्वतःचं नाव असतं. आपल्या स्टुडिओवाल्यांनी मात्र शेकडो डिस्कना एकच नाव दिलेलं असतं. मशीन त्या नावावरून फोल्डर बनवतं, त्यामुळे पाटलांची हळद म्हात्रेंच्या फोल्डरमध्ये जाऊ शकते. म्हणून डिस्क हातात आली की कव्हरवर पावती नंबर टाका आणि कॉपी झाल्या झाल्या फोल्डरला तोच नंबर द्या. दुसरं, 'फक्त मुख्य फिल्म' हा पर्याय बंद ठेवा. तो सगळ्यात लांब भाग घेतो आणि साखरपुड्याचा दहा मिनिटांचा भाग गुपचूप गाळतो. किमान लांबीची अटही कमी करा.

चित्राचं एक सांगतो. आपल्याकडच्या डीव्हीडी पाल पद्धतीच्या, ७२० बाय ५७६. हलत्या हाताभोवती कंगव्यासारख्या रेषा दिसल्या तर हँडब्रेकमध्ये डीइंटरलेस चालू करा. 'फोरके करून देतो' असं बोर्डावर लिहू नका. जे डिस्कमध्ये नाही ते तुम्ही कुठून आणणार?

तपासणी शेवटाकडून करा. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि आपण पकडतो ती बाहेरच्या कडेला. म्हणजे भरलेल्या डिस्कवर ओरखडे आणि बोटांचे डाग नेमके पाठवणीवर असतात! कोरड्या मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. तरी अडकली तर डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी चांगला भाग उचलतं आणि खराब जागांवर नंतर परत येतं. त्याला रात्रभर लागू शकते, त्यामुळे अशा डिस्कचा दर वेगळा ठेवा आणि तो आधीच सांगा.

आता दर. समजा, डिस्कला १५० रुपये घेतले. पुसणं, बदलणं, नाव देणं आणि तपासणं मिळून माणसाची १०-१२ मिनिटं जातात. दहा डिस्कचे १५०० रुपये आले, तुमचे दोन तास गेले, त्यातून पेनड्राइव्ह आणि वीज वजा करा. बाजूचा मोबाइलवाला ५० रुपयांत करतो म्हणेल. करू दे. तो पाठवणी तपासतो का, ते गिऱ्हाइकाला विचारू द्या.

पेनड्राइव्ह टीव्हीला लावायचा असेल तर प्रत्येक फाइल ४ जीबीच्या आत, एमपी४ मध्ये ठेवा. फॅट३२ पेनड्राइव्ह त्याहून मोठी फाइल घेतच नाही.

कायद्याचं नीट वाचा. लग्नाच्या डिस्कला सहसा कुलूप नसतं. शिवाय पैसे देऊन काढून घेतलेल्या शूटिंगचा हक्क, वेगळा करार नसेल तर, कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम १७ प्रमाणे काढून घेणाऱ्याचाच. विकत घेतलेल्या सिनेमाचं तसं नाही. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडलं तर कलम ६५अ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. गिऱ्हाईक पिशवीत चार सिनेमे घालून देतंच. ते तसेच परत करायचे. लग्नाच्या व्हिडिओत मागे फिल्मी गाणी असतात, त्यामुळे 'यूट्यूबवर टाकून द्या' म्हणाले तर दावा येऊ शकतो हे आधी सांगा.

आणि मूळ डिस्क हातात परत देऊन पावतीवर सही घ्या. तुमच्याकडची कॉपी तीस दिवस ठेवा. पेनड्राइव्ह हरवला म्हणून फोन येतोच. त्यानंतर पुसून टाका आणि ही तारीख पावतीवर छापलेली असू द्या. घरातल्या बायकामुलांचे व्हिडिओ तुमच्या हार्ड डिस्कवर वर्षभर पडून राहणं कुणालाच आवडणार नाही.